जे सहज सुचते, त्यावर मालकी कशी?

‘दर दोन आठवड्यांनी ४० मिलिग्रॅम, त्वचेखाली.’ डॉक्टर चिठ्ठीवर सूचना लिहितात, तशी ही एक ओळ. अमेरिकेत या ओळीवर एका कंपनीची मालकी होती. औषधाचे पेटंट वेगळे, ते कंपनीने फार पूर्वीच घेतले होते. हे दुसरे पेटंट, क्रमांक ८८८९१३५, ते औषध किती आणि किती दिवसांनी टोचायचे यावर होते. औषधाचे नाव अ‍ॅडालिमुमॅब, बाजारातले नाव हुमिरा, कंपनी अ‍ॅबव्ही आणि आजार मुख्यतः संधिवात. हे पेटंट कंपनीच्या पदरात पडले २०१४मध्ये. तोवर औषध बाजारात येऊन बारा वर्षे होत आली होती.

पेटंटचा विषय निघाला की आपला वाचक पान उलटतो. वकिलांचे आणि शास्त्रज्ञांचे प्रकरण, आपला काय संबंध, असे त्याला वाटते. कंपन्यांच्या हे पथ्यावरच पडते. कॅन्सरच्या किंवा संधिवाताच्या महागड्या इंजेक्शनची किंमत औषध दुकानदार ठरवत नाही, डॉक्टरही ठरवत नाहीत. ती बऱ्याच अंशी पेटंट कार्यालयात आणि न्यायालयात विचारल्या जाणाऱ्या एका प्रश्नावर ठरते. हा खरोखर शोध आहे, की त्या विषयातल्या कुणाही जाणकाराला आधीच्या माहितीवरून सहज सुचली असती अशी गोष्ट आहे? सहज सुचणाऱ्या गोष्टीला पेटंट मिळत नाही, हे तत्त्व जगातल्या जवळपास प्रत्येक पेटंट कायद्यात आहे.

माझे म्हणणे असे, की जैविक औषधांच्या बाबतीत हा प्रश्न निकाली निघूच नये अशी व्यवस्था कंपन्यांनी उभी केली आहे आणि तिचे बिल रुग्णाच्या नावावर फाडले जाते. भारताच्या कायद्यात हा प्रश्न कुणालाही विचारता येतो. ती सोय आपल्या डोळ्यांदेखत आवळली जात आहे. त्यावर बोलले पाहिजे.

खरा शोध कोणता होता?

आधी ज्याचे श्रेय त्याला देऊ. नेहमीच्या गोळीतला रेणू लहान असतो, तो रसायने मिसळून बनवता येतो. जैविक औषध म्हणजे एक मोठे प्रथिन. ते जिवंत पेशींत वाढवावे लागते. अ‍ॅडालिमुमॅब तयार होते ते चिनी हॅमस्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशींत. संधिवातात शरीरातले टीएनएफ नावाचे प्रथिन दाह वाढवते आणि सांधे झिजवते. अ‍ॅडालिमुमॅब हे प्रतिपिंड त्या टीएनएफला चिकटून त्याला निकामी करते. ज्याला सकाळी उठून शर्टाचे बटण लावता येत नव्हते, असा माणूस या इंजेक्शनांनी पुन्हा कामाला लागू शकतो. हे थोर काम आहे.

पण ते एकट्या कंपनीचे नाही. टीएनएफ अडवले तर संधिवात आटोक्यात येतो, हे १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनच्या केनेडी संस्थेत मार्क फेल्डमन आणि पंजाबात जन्मलेले रविंदर मैनी यांनी दुसऱ्या एका प्रतिपिंडाच्या साह्याने रुग्णांवर दाखवून दिले. त्या संस्थेमागे संधिवात संशोधनासाठी लोकवर्गणीतून जमलेला निधी होता. मानवी प्रतिपिंडे प्रयोगशाळेत घडवण्याचे तंत्र केंब्रिजच्या ग्रेगरी विंटर यांचे, त्यासाठी त्यांना २०१८च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. हे तंत्र वापरून जर्मनीच्या बीएएसएफने केंब्रिज अँटीबॉडी टेक्नॉलॉजी या कंपनीबरोबर अ‍ॅडालिमुमॅब तयार केले. बीएएसएफचा औषध व्यवसाय अ‍ॅबट कंपनीने विकत घेतला आणि त्याबरोबर हे औषधही तिच्या हाती आले. ३१ डिसेंबर २००२ रोजी अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. २०१३मध्ये अ‍ॅबटमधून अ‍ॅबव्ही वेगळी झाली आणि हुमिरा तिच्याकडे गेले.

मूळ रेणूचे अमेरिकी पेटंट ३१ डिसेंबर २०१६ रोजी संपले. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही. समाजाने कंपनीशी एक करार केला होता. तुम्ही शोध उघड करा, आम्ही ठरावीक वर्षे तुम्हाला मक्तेदारी देतो, मग तो सगळ्यांचा. कंपनीने या करारातला आपला हिस्सा घेतला. प्रश्न आहे तो २०१७च्या १ जानेवारीनंतरचा.

कुंपणावर कुंपण

औषधांच्या पेटंटांचा अभ्यास करणाऱ्या आय-मॅक या संस्थेने २०१८मध्ये मोजदाद केली. हुमिरावर अमेरिकेत २४७ पेटंट अर्ज झाले होते आणि त्यातले ८९ टक्के औषध बाजारात आल्यानंतरचे होते. मात्रेवर पेटंट, द्रावणावर पेटंट, पेशी वाढवण्याच्या पद्धतीवर पेटंट, आणखी एका आजारासाठी वापरण्यावर पेटंट. यातली शंभराहून अधिक मंजूर झाली. इंग्रजीत याला पेटंटांची झाडी म्हणतात. आपल्याकडच्या शेतकऱ्याला ते वेगळ्या शब्दांत कळेल. सात-बारा एकाचा, मुदत संपल्यावर जमीन गावकीला परत द्यायची, आणि हा पठ्ठ्या मुदत संपायच्या आत बांधावर, विहिरीवर, पायवाटेवर, झाडाच्या सावलीवर एकेक वेगळा दावा नोंदवून ठेवतो. जमीन सोडतो, पण तिथवर कुणाला पोचू देत नाही.

आता मात्रेच्या पेटंटाकडे येऊ. कारण ‘सहज सुचणे’ म्हणजे काय, हे समजून घ्यायला यापेक्षा सोपे उदाहरण मिळणार नाही.

पेटंटचा अर्ज ज्या तारखेपासून मोजला जातो, त्या २००१च्या जूनपूर्वीच अ‍ॅडालिमुमॅबच्या चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झालेले होते. एका चाचणीत रुग्णांना दर आठवड्याला २०, ४० किंवा ८० मिलिग्रॅम औषध त्वचेखाली दिले होते आणि तिन्ही मात्रा लागू पडल्या होत्या. दुसरीत औषध शिरेतून दिले होते, वजनाच्या हिशेबाने आणि दर दोन आठवड्यांनी. त्यातली एक मात्रा होती किलोमागे अर्धा मिलिग्रॅम. ८० किलोच्या माणसाला ती होते ४० मिलिग्रॅम. हे औषध शरीरात बरेच दिवस टिकते, हेही प्रसिद्ध झाले होते. म्हणजे ४० मिलिग्रॅम माहीत, त्वचेखाली देणे माहीत, दोन आठवड्यांचे अंतर माहीत. या तिन्ही गोष्टी एका ओळीत लिहिल्या, त्याला शोध म्हटले गेले.

कोहेरस नावाच्या कंपनीने या पेटंटला आव्हान दिले. मे २०१७मध्ये अमेरिकी पेटंट कार्यालयाच्याच अपील मंडळाने सांगितले की ही गोष्ट जाणकाराला सहज सुचणारी होती, सबब तिला पेटंट देता येत नाही. त्याच वर्षी याच मात्रेवरची आणखी दोन पेटंटे त्याच कारणाने बाद झाली.

अशा पेटंटांच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी होतो आणि तो अगदीच पोकळ नाही. प्रथिनाचे औषध लहरी असते, दोन इंजेक्शनांतले अंतर वाढवले आणि रक्तातली पातळी फार खाली गेली, तर शरीर त्या औषधाविरुद्धच प्रतिपिंडे तयार करू शकते, मग औषध चालेनासे होते. म्हणून दोन आठवड्यांनी देऊन चालेल याची आधी खात्री नव्हती, असे म्हटले जाते. खरे आहे, खात्री नव्हती. पण कायदा खात्री मागत नाही. जाणकाराने ते करून पाहिले असते का आणि यश येईल असे मानायला त्याच्यापाशी वाजवी कारण होते का, एवढेच तो विचारतो. रुग्णाला निम्म्या वेळा सुई टोचावी लागली तर बरे, हे कळायला नोबेल लागत नाही. ते कळल्यावर योग्य अंतर शोधण्यासाठी चाचणी घेणे हे औषध कंपनीचे रोजचे काम आहे. त्या चाचणीचा खर्च मूळ पेटंटच्या मक्तेदारीतून वसूल व्हायचा असतो.

जाणकार शहाणा की खुळा?

पेटंट कायद्यातला हा ‘जाणकार’ म्हणजे एक कल्पित माणूस. त्या विषयातले सगळे वाचलेला, पण स्वतः फार प्रतिभावान नसलेला. जैविक औषधांच्या धंद्याने या बिचाऱ्याची जी ओढाताण चालवली आहे ती पाहण्यासारखी आहे.

पेटंट वाचवायचे असते तेव्हा तो खुळा ठरतो. प्रथिने इतकी गुंतागुंतीची, की पुढचे पाऊल काय हे त्याला सुचणेच शक्य नव्हते. पण पेटंटचा पसारा वाढवायचा असतो तेव्हा तोच जाणकार एकदम हुशार होतो. कोलेस्ट्रॉल कमी करणाऱ्या प्रतिपिंडांवरून अ‍ॅमजेन आणि सनोफी यांच्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला खटला आठवा. अ‍ॅमजेनने २६ प्रतिपिंडांची नेमकी रचना दिली होती, पण दावा केला होता तेच काम करणाऱ्या प्रतिपिंडांच्या सबंध कुळावर. बाकीची कशी मिळवायची? आम्ही सांगितलेल्या वाटेने जाऊन जाणकार ती शोधून काढेल, हे उत्तर. मे २०२३मध्ये न्यायालयाने एकमताने हा दावा फेटाळला. सगळ्या कुळावर मालकी हवी असेल, तर सगळे कुळ बनवण्याची विद्याही लोकांना द्या, एवढाच त्याचा अर्थ.

हीच तऱ्हा औषध नियंत्रकांपुढे. दुसऱ्या कंपनीने तेच जैविक औषध बनवले, तर ते कधीच अगदी सारखे असू शकत नाही, रुग्णाला धोका आहे, असे ऐकवले जाते. मूळ कंपनी मात्र स्वतःच्या कारखान्यातली प्रक्रिया वेळोवेळी बदलते आणि दर वेळी चाचण्यांचे आकडे मांडून सांगते, की प्रक्रिया बदलली, औषध तेच आहे. दोन्ही गोष्टी एकाच शास्त्राच्या नावाने. शास्त्र बदलत नाही, फक्त समोर कोण बसले आहे ते बदलते.

निकाल नको, तडजोड हवी

कुणी विचारेल, पेटंटे बाद झाली ना? मग तक्रार कसली? तक्रार अशी, की पेटंटे बाद होऊनही अमेरिकी रुग्णाच्या हाती सहा वर्षे काही पडले नाही.

अ‍ॅमजेनने बनवलेल्या अ‍ॅडालिमुमॅबच्या पर्यायी औषधाला, म्हणजे बायोसिमिलरला, अमेरिकेत सप्टेंबर २०१६मध्ये मंजुरी मिळाली होती. ते तिथल्या बाजारात आले ३१ जानेवारी २०२३ रोजी. औषध सुरक्षित आहे, परिणामकारक आहे, यावर शिक्का बसून सहा वर्षांहून अधिक काळ ते अडून राहिले. एक पेटंट पाडता येते, दोन पाडता येतात. शंभरावर पेटंटे एकेक करून पाडायला जितका वेळ आणि पैसा लागतो, तितका कुणाकडेच नसतो. म्हणून अ‍ॅमजेनने सप्टेंबर २०१७मध्ये तडजोड केली आणि अमेरिकेत २०२३पर्यंत थांबायला ती तयार झाली. इतर कंपन्या पाठोपाठ त्याच वाटेने गेल्या. बोरिंगर इंगेलहाइम सगळ्यात चिवट निघाली, पण मे २०१९मध्ये तिनेही हात टेकले. युरोपात मात्र ही बायोसिमिलरे ऑक्टोबर २०१८मध्येच आली. तिथे टिकून राहण्यासाठी अ‍ॅबव्हीने काही ठिकाणी किमतीत ८० टक्क्यांपर्यंत सूट दिली. तेच औषध, तीच कंपनी. स्पर्धक दारात आला तिथे एक भाव, कुंपण शाबूत राहिले तिथे दुसरा.

त्या दुसऱ्या भावाचा हिशेब अमेरिकी संसदेच्या समितीने मे २०२१मध्ये मांडला. बाजारात आल्यापासून हुमिराची किंमत २७ वेळा वाढवली गेली होती आणि एका रुग्णाचा वर्षाचा खर्च ७७ हजार डॉलरवर पोचला होता. २०२२ या एका वर्षात हुमिराची जगभरातली विक्री २१ अब्ज डॉलरच्या वर गेली.

लंडनमध्ये जे घडले ते तर याहून बोलके आहे. तिथेही मात्रेच्याच पेटंटांवर वाद होता. बायोसिमिलर बनवणाऱ्या कंपन्यांनी आव्हान दिले, की अ‍ॅबव्ही निकालाच्या आधी ते पेटंट सोडून द्यायची आणि त्याच शोधाचे दुसरे उप-अर्ज मात्र चालू ठेवायची. म्हणजे हरण्याची नोंद नको, आणि धमकीही जिवंत राहावी. शेवटी मार्च २०१७मध्ये न्यायमूर्ती हेन्री कार यांनी वेगळी वाट काढली. पेटंट समोर नसतानाही त्यांनी जाहीर केले, की संधिवातासाठी आणि सोरायसिससाठी या औषधाच्या त्या मात्रा तेव्हाच्या ज्ञानात नव्या नव्हत्या किंवा सहज सुचणाऱ्या होत्या. कंपनीचे हे वागणे आपली पेटंटे तपासणीपासून वाचवण्यासाठी होते, हेही त्यांनी नोंदवले.

ज्याला आपल्या शोधाबद्दल खात्री असते, तो न्यायालयात उभा राहतो. जो दर वेळी निकालाच्या आदल्या दिवशी दस्तऐवज मागे घेतो, त्याला उत्तर आधीच ठाऊक असते.

एडिसनचा दाखला

अमेरिकेत बाल्टिमोर शहराने आणि कामगारांच्या आरोग्य निधींनी अ‍ॅबव्हीविरुद्ध मक्तेदारीचा दावा लावला. तो फेटाळला गेला आणि ऑगस्ट २०२२मध्ये अपिलातही तेच झाले. तिथल्या न्यायाधीशांनी विचारले, की १३२ शोध लावले असतील तर १३२ पेटंटे का असू नयेत? एडिसनकडे तर १,०९३ होती. हा दाखला आता औषध कंपन्यांचे वकील मोठ्या आवडीने देतात.

या वाक्यातला ‘असतील तर’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे. १३२ शोध लावले का, हा तर मूळ प्रश्न. त्या खटल्यात तो तपासलाच गेला नाही. पेटंट खटल्यांत तो तपासला जाण्याआधी तडजोडी झाल्या. जिथे तपासला गेला तिथे मात्रेची पेटंटे टिकली नाहीत. म्हणजे पेटंटे खरी आहेत असे गृहीत धरून मक्तेदारीचा दावा फेटाळायचा, आणि ती खरी आहेत का हे पाहायची वेळ येऊ द्यायची नाही. या फटीत सहा वर्षे आणि अब्जावधी डॉलर गेले.

दुसरा नेहमीचा मुद्दा, संशोधनाला पैसा लागतो. लागतो, आणि तो मिळालाच पाहिजे. पण सहज सुचणाऱ्या गोष्टीला पेटंट देऊन संशोधन वाढत नाही, उलट त्याची गरज कमी होते. जुन्या औषधावर कुंपण घालून वर्षाला २१ अब्ज डॉलर मिळत असतील, तर नवे औषध शोधण्याची जोखीम कोण घेईल?

आणि सुधारणा खरी असेल तर तिला कुणाचा विरोध नाही. हुमिराच्या पुढच्या द्रावणातून सायट्रेट काढल्यावर सुई टोचताना होणारी आग कमी झाली. रुग्णासाठी ही मोठी गोष्ट आहे. ती खरोखर सहज सुचणारी नसेल, तर त्या द्रावणाला पेटंट मिळो. पण त्या पेटंटने जुने द्रावण अडता कामा नये. नव्या दाराची किल्ली घ्या, जुन्या दाराला कुलूप लावू नका.

आपल्या घरची गोष्ट

आता भारतात येऊ. डिसेंबर २०१४मध्ये अहमदाबादच्या झायडस कॅडिलाने अ‍ॅडालिमुमॅबचे जगातले पहिले बायोसिमिलर बाजारात आणले. कुपीची किंमत होती सुमारे २०० डॉलर, अमेरिकेतल्या मूळ औषधाच्या जवळपास पाचपट कमी. अमेरिकी रुग्ण आणखी आठ वर्षे थांबणार होता. याचा अभिमान जरूर बाळगू, पण त्यात वाहून जायला नको. दर दोन आठवड्यांना बारा हजारांच्या आसपास हा भिवंडीच्या यंत्रमाग कामगाराला किंवा मराठवाड्यातल्या ऊसतोडणी मजुराला परवडणारा भाव नव्हता. एका कंपनीने सुरुवात केली, मग आणखी आल्या, तर भाव खाली येतात. म्हणून वाट मोकळी राहणे महत्त्वाचे.

ही वाट आपोआप मोकळी झालेली नाही. १९५९च्या अय्यंगार समितीच्या अहवालावर आधारलेला १९७०चा पेटंट कायदा लोकांनी झगडून मिळवला. १९३५मध्ये मुंबईत सिप्ला उभी करणारे डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद हे ब्रिटिश काळातला पेटंट कायदा बदलण्यासाठी बोलणाऱ्यांत आघाडीवर होते. त्यांचे पुत्र डॉ. युसूफ हमीद यांनी २००१मध्ये एड्सचे तीन औषधांचे उपचार वर्षाला ३५० डॉलरला देऊ केले, तेव्हा परदेशी कंपन्यांचा भाव दहा हजार डॉलरच्या वर होता. १९७०चा कायदा नसता, तर ती औषधे सिप्लाच्या कारखान्यात बनलीच नसती.

जागतिक व्यापार करारामुळे २००५पासून भारताला औषधांवर पुन्हा पेटंट देणे भाग पडले. पण संसदेने काही दारे राखून ठेवली. कलम २(१)(जक) म्हणते, आधीच्या ज्ञानापेक्षा तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व हवे आणि शोध जाणकाराला सहज सुचणारा नसावा. कलम ३(ड) म्हणते, जुन्याच पदार्थाचे नवे रूप आणाल तर त्याचा परिणाम वाढला आहे हे दाखवा. कलम ३(झ) म्हणते, माणसावर उपचार करण्याच्या पद्धतीला पेटंट नाही. हुमिराच्या मात्रेचे ते पेटंट भारतात मागितले असते, तर या तिसऱ्या दारातच अडले असते. आणि कलम २५ म्हणते, पेटंट मंजूर होण्याआधी कोणतीही व्यक्ती त्याला विरोध करू शकते.

‘कोणतीही व्यक्ती’ या दोन शब्दांची ताकद मुंबईने पाहिली आहे. क्षयरोगावरच्या बेडाक्विलिनचे पेटंट लांबवण्यासाठी जॉन्सन अँड जॉन्सनने त्याच्या एका क्षारावर अर्ज केला. क्षयाशी झुंजलेल्या दोन स्त्रियांनी त्याला विरोध केला, मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले. मार्च २०२३मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला. त्याआधी १ एप्रिल २०१३ रोजी न्यायमूर्ती आफताब आलम आणि न्यायमूर्ती रंजना देसाई यांच्या पीठाने नोव्हार्टिसच्या ग्लिव्हेकचा दावा नाकारून कलम ३(ड)ला बळ दिले होते. २०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने रोशच्या रिसडिप्लाम या औषधावरचा मनाईहुकूम नाकारला, कारण जुन्या पेटंटवरून नवे औषध सहज सुचणारे असल्याची शंका त्याला सबळ वाटली. स्नायूंच्या दुर्धर आजारावरच्या या औषधाची बाटली सुमारे सहा लाखांना होती, नॅटकोने ती १५,९०० रुपयांना आणली. ही तिन्ही औषधे जैविक नाहीत, पण मोजपट्टी तीच आहे.

जैविक औषधांत तर ती अधिक कडक लागायला हवी, कारण इथे पेटंटखेरीजही अडथळे पुष्कळ आहेत. पेशी वाढवायला कोट्यवधींचा कारखाना लागतो, रुग्णांवर चाचण्या लागतात. स्तनाच्या कॅन्सरवरच्या ट्रास्टुझुमॅबचे भारतातले पेटंट रोशने २०१३मध्ये पुढे चालू ठेवले नाही. तरी २०१४मध्ये बायोकॉनचे बायोसिमिलर आल्यावर कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, मंजुरीच्या प्रक्रियेवर आणि वेष्टनावरच्या मजकुरावर वाद घेऊन. पेटंट नसताना हे, तर वीस-पंचवीस पेटंटे असताना काय?

आणि नेमक्या याच वेळी आपण दारे लोटून घेत आहोत. मार्च २०२४च्या नव्या नियमांनी पेटंटपूर्व विरोधावर शुल्क बसवले. विरोध ऐकून घेण्याजोगा आहे की नाही, हे आधी नियंत्रक ठरवणार. पेटंटचा देशात वापर होतो का याची माहिती कंपनीने दरवर्षी द्यायची होती, ती आता तीन वर्षांतून एकदा. अमेरिकेचे व्यापार खाते दरवर्षी अहवाल काढून कलम ३(ड)वर नाराजी नोंदवते आणि भारताला देखरेखीच्या यादीत ठेवते. त्या यादीत असणे ही लाजेची गोष्ट आहे, असे आपल्याकडचेही काही विद्वान मानतात. ज्या देशाच्या कायद्याने मात्रेच्या एका ओळीला पेटंट दिले, त्याने आपल्या कायद्याला मागास म्हणावे आणि आपण मान डोलवावी, हे कसे चालेल?

मागण्या साध्या आहेत. रुग्ण आणि रुग्णसंघटनांना विरोधाचे शुल्क माफ करा आणि आधीची चाळणी काढा. जैविक औषधाचा अर्ज तपासताना कंपनीच्याच आधी प्रसिद्ध झालेल्या चाचण्या समोर ठेवून प्रत्येक दावा स्वतंत्रपणे तपासा. विरोध दाखल झाल्यावर अर्ज मागे घेऊन उप-अर्जाच्या रूपाने तेच परत आणता येऊ नये, गुणवत्तेवर निर्णय नोंदवला जावा. मनाईहुकूम देण्याआधी न्यायालयांनी पेटंटवरचा आक्षेप किती सबळ आहे आणि औषध अडले तर रुग्णाचे काय होईल, या दोन्हींचा विचार करावा.

राहिला आपला वाटा. पुण्याच्या आझम कॅम्पसपासून औरंगाबादच्या रफिक झकेरिया कॅम्पसपर्यंत आपल्या संस्थांची फार्मसी कॉलेजे आहेत, राज्यभरात इतरांची शेकडो आहेत. तिथून दरवर्षी हजारो मुले-मुली बाहेर पडतात आणि औषध दुकानाच्या परवान्यापुढे फार जणांची नजर जात नाही. पेटंट अर्ज सार्वजनिक असतात, कुणालाही वाचता येतात. प्राध्यापकांनी वर्गात एक अर्ज आणि त्याच्या आधीचे दोन शोधनिबंध ठेवून विचारावे, यात नवे काय आहे? या प्रश्नाचे उत्तर शोधणारी दहा मुले एका कॉलेजात तयार झाली आणि त्यांना दोन तरुण वकील मिळाले, तर पेटंट कार्यालयाच्या मुंबईतल्या दारात उभे राहायला दुसरे काही लागत नाही. कायद्याने ‘कोणतीही व्यक्ती’ म्हटले आहे. ती व्यक्ती आपल्यातून पुढे आली नाही, तर रिकाम्या जागेचा फायदा कुणाला होतो हे हुमिराच्या रुग्णांनी मोजून दाखवले आहे.